स्फोटाची जखम प्रयोगशाळेत कशी तपासतात?

तरंगिणी

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "अंगावर ओरखडाही नसताना माणूस स्फोटात जातो कसा?" तिथे मी दोन ओळींत उत्तर दिलं, पण ते मलाच पुरेसं वाटेना. गेली नऊ वर्षं मी याच कामात आहे, म्हणून वेगळा धागा काढतेय.

आधी जखमांची विभागणी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. नुसत्या दाबलहरीने होते ती पहिल्या प्रकारची जखम: फुप्फुस, कान, आतडं, म्हणजे जिथे शरीरात हवा आहे तिथे. उडालेले तुकडे, काच, खडे लागून होते ती दुसरी. माणूस स्वतः फेकला जातो किंवा पायाखालची जमीन वर उसळते, ती तिसरी. भाजणं, धूर, विषारी वायू हे चौथ्यात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये सॉली झुकरमन यांनी या कामाचा पाया घातला. ते मुळात प्राणिशास्त्रज्ञ. त्या वेळी प्रश्न असा होता की दाब नाकातोंडातून आत शिरून फुप्फुस फोडतो, की छातीवर बाहेरून आपटून? त्यांनी काही प्राण्यांच्या अंगाला जाड स्पंज-रबराचं आवरण घातलं. नाकतोंड उघडंच ठेवलं. त्या प्राण्यांची फुप्फुसं वाचली. म्हणजे दाब छातीच्या भिंतीतून आत जातो. १९४० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. इतका सरळ प्रयोग मी आजवर दुसरा पाहिलेला नाही.

आता यंत्र. आमच्याकडचं मुख्य यंत्र म्हणजे शॉक ट्यूब. ही कल्पना जुनी आहे, फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८९९ सालीच अशी नळी वापरली होती. लांब, जाड भिंतीची पोलादी नळी. मागच्या छोट्या भागात वायू दाबून भरायचा, पुढच्या लांब भागात साधी हवा, आणि मधे मायलारच्या (एक चिवट प्लॅस्टिक) पातळ पत्र्यांचा पडदा. किती पत्रे एकावर एक लावले त्यावर तो कितीला फाटणार हे ठरतं. फाटला की पुढच्या हवेत दाबलहर धावते. खोलीबाहेर दोन दारांपलीकडे उभं असलं तरी ती छातीत जाणवते. आत गेल्यावर फाटलेला पडदा काढून बघायची मला अजूनही सवय आहे: चारी पाकळ्या सारख्या उमलल्या असतील तर चाचणी चांगली. एखादी पाकळी तुटून पुढे गेली असेल तर ती चाचणी बाद, कारण तो तुकडा नमुन्याला लागलेला असू शकतो.

संगणकाच्या पडद्यावर दाबाची जी रेघ हवी तिला फ्रीडलँडर वक्र म्हणतात, १९४६ सालच्या एका गणिती शोधनिबंधावरून. दाब क्षणात शिखरावर, मग झपाट्याने उतरतो, शून्याच्या थोडा खाली जातो आणि परत येतो. साध्या बाँबच्या रेघेचा शून्याच्या वरचा भाग जेमतेम काही मिलिसेकंदांचा. आपली पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

मला जे मांडायचंय ते एवढंच: स्फोट जसाच्या तसा प्रयोगशाळेत आणता येत नाही. प्रत्येक पद्धत त्यातला एक काप घेते. म्हणून कुठलाही निष्कर्ष वाचताना आधी विचारा, कोणता काप घेतला होता आणि त्याची दाबाची रेघ कुठे आहे?

प्रश्नचिन्ह

छान धागा तरंगिणीताई. पण एक बाळबोध शंका. मोकळ्या मैदानात खरा स्फोट घडवून मोजत का नाहीत? नळीचा खटाटोप कशाला?

वायुवेग

@प्रश्नचिन्ह, मोजतात की. उलट सगळ्यात जास्त वापरले गेलेले आकडे मैदानातूनच आलेत. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला लव्हलेस फाउंडेशन नावाची संस्था होती. तिथे बोवेन, फ्लेचर आणि रिचमंड यांनी १९६८ साली १३ जातींच्या दोन हजारांहून अधिक प्राण्यांवरची माहिती एकत्र करून वक्र काढले. आडव्या अक्षावर दाब किती वेळ टिकला, उभ्या अक्षावर शिखर किती, आणि त्यात कोणत्या रेषेच्या वर किती वाचतील. दाब तोच असला तरी तो जास्त वेळ टिकला तर जास्त मारतो, ही गोष्ट त्या एका आलेखात लख्ख दिसते. पन्नासहून अधिक वर्षं झाली, तरी सुरक्षित अंतराच्या हिशेबात हे वक्र येतातच.

पण मैदानात अडचणी किती! लहर जमिनीवर आपटून परत येते आणि मूळ लहरीत मिसळते. वारा, ओलावा, माती रोज वेगळी. आगीच्या झोतात कॅमेऱ्याला काही दिसत नाही. तुकडे उडतात, मग जखम लहरीने झाली की तुकड्याने हे सांगता येत नाही. दिवसाला दोन-चार चाचण्या झाल्या तरी खूप. नळीत एका दिवशी वीस होतात, आणि विसावी पहिलीसारखीच असते. त्या एकसारखेपणासाठी नळी.

आता नळीतल्या वायूबद्दल थोडं सविस्तर, कारण घोळ इथे होतात. मागे साधी हवा भरली तर बहुतेक नळ्यांत शिखर सपाट येतं: दाब चढतो आणि पठारासारखा थांबून राहतो. फ्रीडलँडर वक्रात पठार नसतं. हेलियम भरला तर त्यात ध्वनीचा वेग हवेच्या जवळजवळ तिप्पट. पडदा फाटल्यावर मागच्या बंद टोकावरून परतणारी विरळ (दाब उतरवणारी) लहर वेगाने येऊन पुढच्या लहरीला गाठते आणि ते पठार कापून टाकते. मग हवा तसा तीव्र उतार मिळतो.

दुसरा घोळ नमुना ठेवण्याच्या जागेचा. नळीच्या तोंडाशी, बाहेर ठेवला की लहरीपाठोपाठ वायूचा झोत बाहेर पडतो आणि तोच नमुन्याला ढकलतो. मोकळ्या हवेतल्या स्फोटात त्या दाबाला इतका जोराचा वारा नसतोच. म्हणजे तुम्ही दाबाची जखम मोजायला गेलात आणि मोजली धक्क्याची. नमुना नळीच्या आत, मधल्या भागात हवा. आणि पुढच्या टोकाला लहर विरवणारी जाळी हवी, नाहीतर ती परत येऊन नमुन्याला दुसऱ्यांदा मारते.

तरंगिणी

@वायुवेग, झोताचा मुद्दा तुम्ही काढलात हे फार बरं केलंत. मेंदूवरचे बरेच जुने प्रयोग नळीच्या तोंडाशी केलेले आहेत. डोकं झोताने हलल्यामुळे झालेली इजा त्यांत "दाबाची इजा" म्हणून नोंदली गेली, आणि ती निस्तरायला पुढच्यांची वर्षं गेली.

हाडवैद्य

मी अस्थिशल्यचिकित्सक आहे. सुरुंगावरून गेलेल्या वाहनातले काही जखमी माझ्याकडे आले आहेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. बूट शाबूत, कातडी शाबूत, आणि एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडाचा भुगा. घोट्याच्या वर नडगीचं खालचं टोक उभं चिरलेलं. जहाजाखाली सुरुंग फुटला की डेक खालून वर आपटायचा आणि उभ्या खलाशांच्या टाचा अशाच फुटायच्या, हे दुसऱ्या महायुद्धापासून माहीत आहे. ही तिसऱ्या प्रकारची जखम, बरोबर ना? ती तुमच्या नळीत कशी तपासणार?

तरंगिणी

डॉक्टर, बरोबर, तिसऱ्या प्रकारची. आणि नाही, नळीत नाही तपासता येत. इथे हवेतल्या लहरीचं काम फार थोडं. वाहनाचा तळ वाकतो, फरशी वर उसळते, आणि ती पावलाला आदळते. तेव्हा यंत्र असं हवं की जे एक जड पाट पाहिजे त्या वेगाने वर उडवेल. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात २०११ पासून स्फोटजखमांचं खास केंद्र आहे. तिथलं यंत्र दाबलेल्या हवेवर चालतं: पाट एका पिनेने अडवून ठेवलेला असतो, दाब पुरेसा झाला की पिन तुटते आणि पाट वर झेपावतो. आमच्याकडचं यंत्र याच तत्त्वावरचं, लहान.

त्यावर काय ठेवतात? इथे मला थोडं थांबून लिहायचंय. देहदान केलेल्या माणसाचा गुडघ्यापासून खालचा पाय. आदल्या रात्री तो फ्रीझरमधून बाहेर काढून ठेवावा लागतो, नीट वितळायला बराच वेळ जातो. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला चालत नाही, त्याने ऊती कडक होतात. आधी सीटी स्कॅन, हाड आधीच कुठे चिरलेलं नाही ना हे बघायला. वरचं टोक राळेत घट्ट बसवून बलमापकाला जोडायचं. नडगीवरची छोटी जागा खरवडून, कोरडी करून, त्यावर नखाएवढा विकृतीमापक (हाड किती ताणलं-दबलं हे मोजणारा) चिकटवायचा. शेजारी एक ध्वनिसेन्सर, कारण हाडाला पहिली चीर पडते तो क्षण डोळ्याला दिसत नाही, पण हाडातून कर्कश आवाज जातो आणि तो सेन्सरला ऐकू येतो. मग पायात बूट घालायचा आणि नाडी बांधायची. नऊ वर्षांत ती नाडी बांधताना आमच्या खोलीत कुणी बोललेलं मला आठवत नाही.

चाचणी संपते काही मिलिसेकंदांत. पुन्हा सीटी, मग तुमच्यासारखा अस्थिशल्यचिकित्सक विच्छेदन करून प्रत्येक तुकडा लिहून काढतो. बल किती, वेग किती, जखम किती गंभीर, असे बरेच पाय झाले की धोक्याचा वक्र काढता येतो.

पायाची ठेवणही फार महत्त्वाची. गुडघा सरळ करून उभं असलेल्याचं आणि बसून गुडघे मोडलेल्याचं नुकसान सारखं होत नाही. तुमच्या रुग्णांच्या नोंदीत कोण कसं बसलं होतं हे लिहिलेलं असेल तर आम्हाला त्याचा फार उपयोग होतो.

प्रश्नचिन्ह

मोटारींच्या चाचणीत बाहुले वापरतात, ते चालत नाहीत का? दरवेळी दान केलेलं शरीर वापरायलाच हवं?

तरंगिणी

वाहन पास की नापास हे ठरवायला बाहुलेच वापरतात. पण बाहुल्याला जखम होत नाही, त्याच्या आत फक्त आकडा उमटतो. तो आकडा म्हणजे माणसाच्या हाडाचं काय, हे दान केलेल्या शरीरांवरूनच कळतं. ती जोडणी नसेल तर बाहुल्याच्या आकड्याला काही अर्थ नाही.

आणि नेहमीचा हायब्रिड-३ हा बाहुला मोटारीच्या समोरासमोरच्या धडकेसाठी घडवलेला. त्याच्या नडगीत पोलादी दांडा आहे, खालून मार बसला की माणसाच्या पायापेक्षा फारच ताठ वागतो. म्हणून मिल-एलएक्स नावाचा पाय आला, त्यात नडगीच्या मधे रबरासारखा दबणारा भाग घातलेला आहे. नाटोच्या चाचणीपद्धतीत हायब्रिड-३ च्या नडगीसाठी ५.४ किलोन्यूटन ही मर्यादा आहे, आणि मिल-एलएक्ससाठी नडगीच्या वरच्या मापकावर २.६. मार तोच, माणूसही तोच, पण पाय बदलला तर मर्यादा निम्म्याहून खाली. ज्यांना "यंत्राने मोजलं म्हणजे खरं" असं वाटतं त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. नंतर अमेरिकी सैन्याने खालून येणाऱ्या माराचा विचार करूनच वायामॅन हा बाहुला घडवला. पाठीच्या कण्यासाठीचा जो निर्देशांक वापरतात तो तर लढाऊ विमानातून आसनासकट बाहेर फेकल्या जाणाऱ्या वैमानिकांवरून आलेला आहे.

मृदगंध

सगळं वाचलं. माहिती मोलाची आहे, पण मला त्रास झाला. दोन हजार प्राणी. आणि आजही उंदीर-डुकरं वापरतातच ना? दान केलेली शरीरं आहेत, बाहुले आहेत, संगणक आहे. मग जिवंत प्राणी कशासाठी? हे रागाने विचारत नाहीये, मनापासून विचारतेय.

पेशीबद्ध

@मृदगंध, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि या कामात असलेल्या प्रत्येकाने तो स्वतःला विचारायला हवा. मी पेशींवर काम करतो, त्यामुळे माझी बाजू आधीच कळेल.

मृत शरीरात रक्ताभिसरण नसतं. स्फोटानंतर फुप्फुसाच्या वायुकोशांत रक्त झिरपतं, सूज चढते, श्वास तासागणिक अवघड होत जातो, ते मृत फुप्फुसात घडतच नाही. हाड मोडणं ही यांत्रिक घटना आहे, ती मृत पायात दिसते. सूज ही जिवंत शरीराची प्रतिक्रिया आहे. मेंदूचं तर आणखीच अवघड: विस्मरण, झोप उडणं, चिडचिड हे बाहुल्यात कुठे शोधणार?

तरी बरंच काही प्राण्यांशिवाय होतं. मेंदूच्या पातळ चकत्या पोषकद्रवात आठवडेच्या आठवडे जिवंत ठेवता येतात. त्या द्रवभरल्या पिशवीत सीलबंद करून शॉक ट्यूबपुढे ठेवायच्या, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली कोणत्या थरातल्या पेशी मरतात हे रोज बघायचं. पिशवीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळं वाया, कारण बुडबुडा दबून फुटतो आणि पेशी त्यानेच मरतात. मी पिशव्या भरतो तेव्हा प्रत्येक पिशवी दिव्यासमोर धरून कोपरे तपासतो.

आणखी एक प्रश्न आम्ही पेशींवर धरला आहे. स्फोटात अवयव गमावलेल्या सैनिकांपैकी निम्म्याहून अधिकांच्या उरलेल्या मांसात नवं हाड तयार होतं, जिथे ते असायला नको तिथे. कृत्रिम पाय बसवताना ते टोचतं. हाडावरच्या पटलातल्या मूळपेशींना दाबाचा धक्का दिला तर त्या हाडाकडे वळतात का, हे बशीत तपासता येतं.

१९५९ साली रसेल आणि बर्च यांनी तीन गोष्टी सांगितल्या: जमेल तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. स्फोटाच्या प्रयोगात प्राण्याला आधी पूर्ण भूल दिलेली असते. पण माझं प्रामाणिक मत असं की चुकीच्या नळीत, चुकीच्या जागी ठेवून मारलेला एकेक उंदीर ही सरळ हानी आहे. त्यातून कुणालाच काही मिळत नाही.

मृदगंध

धन्यवाद. शेवटच्या दोन वाक्यांसाठी विशेष. चुकीच्या नळीचं थोडं उलगडून सांगाल?

पेशीबद्ध

गणित करून दाखवतो. फुप्फुसाच्या इजेसाठी बोवेन यांच्या वक्रांत नियम असा की दाब टिकण्याचा काळ वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. उंदीर २५ ग्रॅमचा, माणूस ७० किलोचा. वजन २८०० पट, घनमूळ साधारण १४. म्हणजे उंदरावर १० मिलिसेकंदांची लहर सोडली तर ती माणसावरच्या १४० मिलिसेकंदांसारखी झाली. साध्या बाँबची लहर काही मिलिसेकंदांची! १४० म्हणजे प्रचंड मोठ्या स्फोटाची गोष्ट. तरी असे निबंध "रस्त्याकडेच्या बाँबची इजा" या नावाने छापले गेले.

शिवाय हा नियम फुप्फुसाचा. मेंदूला तो लावता येत नाही, कारण तिथे कवटीची जाडी मधे येते आणि उंदराची कवटी कागदासारखी.

मेंदूबद्दल एक प्रयोग सांगायलाच हवा. २०१२ साली अमेरिकेत गोल्डस्टाइन आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर एक लहर सोडली, त्यानंतर त्यांना शिकायला आणि लक्षात ठेवायला अडचण यायला लागली. मग त्यांनी डोकं पक्कं धरून तीच लहर सोडली. या वेळी तो त्रास झाला नाही. म्हणजे त्या मांडणीत तरी दोष नुसत्या दाबाचा नव्हता, डोकं झटक्याने हलण्याचा होता. लहर कवटीतून थेट जाते, की कवटी वाकते, की छातीवरचा दाब रक्तवाहिन्यांतून वर चढतो, यावर वाद चालूच आहे. कवटीच्या पारदर्शक प्रतिकृतीत, जेलचा मेंदू भरून, द्रवात बुडबुडे उठून मिटताना हाय-स्पीड कॅमेऱ्याने टिपले आहेत. जिवंत माणसात तसं होतं हे कुणी दाखवलेलं नाही.

हाडवैद्य

पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना हेच होत असणार. १९१५ साली चार्ल्स मायर्स यांनी 'शेल शॉक' हा शब्द छापला, आणि पुढे किती जणांना भित्रे ठरवलं गेलं. २०१६ साली स्फोट झेललेल्या सैनिकांचे मेंदू मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा करडा आणि पांढरा भाग जिथे मिळतात त्या सीमेवर व्रण सापडले. शंभर वर्षांनी. मला हे वाचताना फार वाईट वाटलं होतं.

तरंगिणी

डॉक्टर, घनता बदलते अशा सीमांवर लहर ताण निर्माण करते, हे आम्ही जेलमध्ये रोज बघतो. तेच व्रण माणसाच्या मेंदूत त्याच जागी दिसले तेव्हा मीही तो निबंध परत परत वाचला. आता कुणी सैनिक डोकं दुखतंय म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवायला हे पुरेसं कारण आहे.

आता माझी एक चूक सांगते, कारण नव्याने या कामात येणारे कुणी वाचत असतील. पहिल्या वर्षी आमच्या रेघेत शिखरानंतर खोल, लांब खड्डा यायचा. मी खूश. ऋण दाबाचा भाग किती सुंदर आलाय! त्यावरून द्रवात बुडबुडे उठतील का याचा हिशेबही मांडून बसले. तीन महिने. मग आमच्या जुन्या तंत्रज्ञांनी सेन्सरच्या तोंडावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावला आणि म्हणाले, आता सोडा. खड्डा जवळजवळ नाहीसा झाला. दाबलेली हवा तापते, ती गरम हवा स्फटिकाच्या सेन्सरला लागली की तो खोटा ऋण दाब दाखवतो. माझा खड्डा म्हणजे उष्णता होती. तीन महिन्यांच्या चाचण्या मी बाजूला काढल्या. तेव्हापासून ग्रीस लावल्याशिवाय आणि रिकाम्या नळीत एक चाचणी घेतल्याशिवाय मी नमुना आत ठेवत नाही.

कर्णिका

कानाचं कुणी काढलं नाही म्हणून लिहिते, मी श्रवणतज्ज्ञ. कानाचा पडदा साधारण ३५ किलोपास्कलला फाटायला लागतो, १०० च्या आसपास निम्म्या लोकांचा फाटतो. फुप्फुसाची इजा सुरू व्हायलाही लहर लांब असेल तर साधारण १०० लागतात. यावरून पूर्वी समज असा होता की पडदा शाबूत तर फुप्फुस शाबूत, घरी पाठवा. हे चुकीचं ठरलं. लहर कोणत्या बाजूने आली, डोकं कसं वळलेलं होतं, कानात मळ होता का, यावर पडद्याचं नशीब ठरतं. प्रयोगशाळेत मृत शरीरातलं कानशिलाचं हाड घेऊन, आत दाबमापक बसवून, पडद्याची हालचाल लेसरने मोजतात. त्यात पडद्यावर पडणारा दाब कानाबाहेरच्या दाबापेक्षा जास्त भरतो, कारण कानाची नळी स्वतःच लहर वाढवते.

प्रश्नचिन्ह

बंद जागेत स्फोट जास्त घातक असतो म्हणतात. तो काप कसा घेतात?

वायुवेग

आकडाच बघा. इस्रायलमधल्या चार बाँबस्फोटांचा अभ्यास १९९६ साली आला होता: मोकळ्यावर मृत्यूचं प्रमाण ७.८ टक्के, बसमध्ये ४९. लहर भिंतीवर आपटली की परतीचा दाब निदान दुप्पट होतो, तीव्र लहरीचा तर सैद्धांतिक हिशेबाने आठपटीपर्यंत जातो. आणि ती पुन्हा पुन्हा परत येते. तिथे फ्रीडलँडर वक्र उरतच नाही, नुसता शिखरांचा गोंधळ. बोवेन यांचे वक्र तिथे लावू नयेत.

म्हणून खोलीत माणसाच्या धडाएवढा एक धातूचा दंडगोल उभा करतात. त्याच्या चार बाजूंना चार दाबमापक, पुढे-मागे-डावी-उजवी. त्या चार रेघा एका गणिती छातीला द्यायच्या. १९९६ सालच्या ॲक्सेलसन यांच्या पद्धतीत छातीची भिंत म्हणजे एक वजन, मागे स्प्रिंग आणि हवा. ती भिंत आतल्या दिशेने किती वेगाने गेली यावरून फुप्फुसाची इजा ठरवतात. दाबापेक्षा भिंतीचा वेग जास्त खरं सांगतो, आणि कितीही गोंधळाची लहर असली तरी तो काढता येतो. फार साधं मॉडेल आहे, पण मेंढ्यांवरच्या चाचण्यांशी जुळवून घेतलेलं आहे.

मोठी संगणकी मॉडेल्स आता डोक्याचा कणन् कण दाखवतात. रंगीत चित्रं बघून भुलायला होतं. पण त्यात मेंदूचा कडकपणा कुठला घातलाय? मऊ ऊती सावकाश ताणल्या तर एक वागतात, स्फोटाच्या वेगाने ताणल्या तर अनेक पटींनी कडक. तो वेगाचा कडकपणा हॉपकिन्सन दांड्यावर मोजतात: दोन लांब दांड्यांमधे ऊतीची पातळ चकती, एका दांड्यावर टोला, आणि दोन्ही दांड्यांतल्या लहरींवरून मधल्या चकतीचा ताण. हॉपकिन्सन यांचा दांडा १९१४ चा, कोल्स्की यांनी तो १९४९ साली मधे दुभागला. हाडासाठी धातूचे दांडे चालतात. मेंदूसारख्या मऊ गोष्टीला प्लॅस्टिकचे लागतात, नाहीतर पलीकडच्या दांड्यात काहीच पोचत नाही.

हाडवैद्य

दुसऱ्या प्रकाराबद्दल? माझ्याकडे येणाऱ्यांत तुकड्यांच्या जखमाच सर्वांत जास्त.

तरंगिणी

हो, बहुतेक स्फोटांत जखमींची संख्या त्याच वाढवतात. तिथे वायूची बंदूक. ठरावीक घडणीचा पोलादी तुकडा, नेहमीचा १.१ ग्रॅमचा, ठरलेल्या वेगाने जिलेटिनच्या ठोकळ्यात किंवा प्राण्याच्या हाडात मारायचा. जिलेटिन १० टक्क्यांचं असेल तर ४ अंशांवर, २० टक्क्यांचं असेल तर १० अंशांवर. अर्धा तास बाहेर राहिलं की ते मऊ पडतं आणि तुकडा जास्त खोल जातो. वाळूचंही काम झालंय: वेगाने आलेली वाळू एकटीच मांस फाडते, अवयव तुटण्यात तिचा वाटा मोठा आहे असं इंपीरियलच्या प्रयोगांत दिसलं.

प्रश्नचिन्ह

शेवटची शंका. झुकरमन यांच्या प्राण्यांना स्पंज-रबराने वाचवलं. मग सैनिकांना जाड फोमचं जाकीट का देत नाहीत?

तरंगिणी

हा प्रश्न आमच्याकडे नवे विद्यार्थी हमखास विचारतात. १९९१ साली ब्रिटनमध्ये कूपर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. नुसता फोम छातीवर ठेवला तर फुप्फुसाची इजा वाढली. मऊ फोम हवेतून येणाऱ्या लहरीला छातीत शिरायला सोपी वाट करून देतो. त्याच फोमच्या बाहेरच्या बाजूला कडक, घन पत्रा ठेवला की इजा घटली, कारण लहर पत्र्यावरून परत फिरते आणि उरलेली फोममध्ये विरते. झुकरमन यांचं आवरण जाड होतं, लहर वेगळी होती. म्हणून आवरणाची प्रत्येक नवी जोडी आधी नळीत जाते.

पत्रा बाहेर, फोम आत. उलटं केलं तर चालत नाही, तेही आम्ही मोजून पाहिलंय.